स्पीकरच्या खोक्याला कार्पेट कशासाठी?

माझ्या भाच्याने मे महिन्याच्या सुटीत घरच्या जुन्या मोटारीच्या डिकीत ठेवण्यासाठी स्पीकरचे खोके तयार केले. दहा इंची, म्हणजे २५ सेंमी व्यासाचा वूफर विकत आणला, १८ मिमी जाडीच्या एमडीएफ फळीचे तुकडे सुताराकडून कापून घेतले, आणि आतून लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ३० सेंमी भरेल असे बंदिस्त खोके स्वतः जोडले. व्हरांड्यात उघड्या लाकडावरच स्पीकर बसवून त्याने ते मला वाजवून दाखवले. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा छान येत होता. दोन दिवसांनी त्याने खोक्याला काळे कार्पेट चिकटवले, स्पीकर परत बसवला, आणि तो घुमारा निम्मा झाला. वर एक बारीक फुसफूस ऐकू येऊ लागली ती वेगळीच.

"मामा, कार्पेटने बेस खाल्ला," असे म्हणत तो माझ्याकडे आला. मी वाचत होतो. वर न बघताच म्हणालो, "खाणारच. कापड आवाज शोषून घेते."

हे उत्तर चूक होते. शाळेत आपण जे शिकवतो त्यातल्याच तीन-चार गोष्टी एकत्र ठेवून पाच मिनिटे विचार केला असता, तर मी ते दिले नसते. दोन दिवसांची मेहनत आणि साठवलेल्या पैशांतून आणलेले कापड तो ओरबाडून काढणार होता, तेवढ्यात मला आकडेमोड करण्याची बुद्धी झाली. ती आकडेमोड, आणि तिच्यातून पुढे जे निघाले, ते शिक्षकांना वर्गात वापरता येईल असे वाटल्याने येथे मांडत आहे.

आधी हे पाहू, की स्पीकरला खोके लागतेच कशाला? स्पीकरचा कागदी शंकू पुढे सरकला की त्याच्या पुढची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. पुढे संपीडन, मागे विरलन. शंकू मागे आला की उलटे. उच्च वारंवारतेच्या आवाजाची तरंगलांबी लहान असते, त्यामुळे पुढचा आवाज पुढे आणि मागचा मागे निघून जातो. पण ५० हर्ट्झचा आवाज घेतला तर हवेतील ध्वनीचा वेग (२५ अंश सेल्सिअसला सुमारे ३४६ मीटर प्रतिसेकंद) भागिले ५०, म्हणजे तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर येते. एवढ्या लांब तरंगाच्या दृष्टीने २५ सेंमीचा स्पीकर हा जवळजवळ एक बिंदूच. पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागच्या विरळ हवेत जाऊन मिळते, आणि दोन्ही एकमेकांना खोडून टाकतात. शंकू जिवाच्या आकांताने हलत असतो, आवाज मात्र येत नाही.

याचा प्रयोग पाच मिनिटांत होतो आणि मुलांना तो फार आवडतो. जुन्या रेडिओतला सुटा स्पीकर वाजता ठेवा. आवाज पातळ, पत्र्यासारखा येईल. मग मोठ्या खोक्याचा, साधारण मीटरभर लांबीरुंदीचा पुठ्ठा घेऊन मधोमध स्पीकरच्या मापाचे भोक पाडा आणि स्पीकर त्या भोकाला दाबून धरा. त्याच स्पीकरमधून एकदम भारदस्त आवाज येतो. पुठ्ठ्याने आवाजात काहीही घातलेले नाही. पुढच्या-मागच्या हवेची गाठभेट तेवढी अडवली. मोटारीत मीटरभर फळी उभी करायला जागा नसते, म्हणून ती फळी चारी बाजूंनी मागे दुमडून बंद करायची. हेच स्पीकरचे खोके.

आता माझ्या उत्तराकडे वळू. कापड आवाज शोषते हे खरेच आहे, पण कसे? हवेचे रेणू तंतूंमधल्या अरुंद वाटांतून मागेपुढे होताना घर्षण होते आणि ध्वनीची ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणजे शोषण व्हायला कापडाच्या आत हवा हलली पाहिजे. आणि कठीण भिंतीला चिकटून असलेली हवा हलूच शकत नाही. तिथे दाब वरखाली होतो, पण भिंतीच्या दिशेने हालचाल शून्य. हालचाल सर्वांत जास्त होते ती भिंतीपासून पाव तरंगलांबी अंतरावर. ५० हर्ट्झसाठी हे अंतर १ मीटर ७० सेंमीच्या वर जाते. भाच्याचे कार्पेट होते ४ मिलिमीटर जाड! उलटे गणित करून पाहा: ज्या आवाजाची पाव तरंगलांबी ४ मिमी भरेल त्याची वारंवारता २१ हजार हर्ट्झच्याही पुढे, म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडे जाते. पाव तरंगलांबी पूर्ण भरलीच पाहिजे असे नाही, त्याहून कमी जाडीतही थोडे शोषण होते; पण वूफर ज्या आवाजासाठी असतो त्या टोकाला हे कापड जवळपास नसल्यासारखेच असते.

वास्तुध्वनिशास्त्राच्या पुस्तकांत निरनिराळ्या वस्तूंचे शोषणांक दिलेले असतात. काँक्रीटवर अंथरलेल्या जाड गालिच्याचा शोषणांक १२५ हर्ट्झला ०.०२, १००० हर्ट्झला ०.३७ आणि ४००० हर्ट्झला ०.६५ असा सांगतात. म्हणजे १०० भाग ध्वनिऊर्जा गालिच्यावर आदळली तर वरच्या पट्टीतले ६५ भाग गिळले जातात, आणि खर्जातले फक्त दोन. हा तर पायाखालचा जाड गालिचा. आमचे कार्पेट त्याच्यापुढे मलमलच म्हणायचे.

शोषणाचे हे मोजमाप सुरू केले ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस क्लेमंट सॅबिन या तरुण प्राध्यापकाने, १८९५ साली. विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवीन व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही आणि व्याख्यान कोणाला कळत नसे. ते सुधारायचे काम सॅबिनकडे आले. त्याने रात्रीच्या शांततेत ५१२ हर्ट्झची ऑर्गनची नळी आणि घड्याळ घेऊन, शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडत, घुमणे किती सेकंदांनी कमी होते ते मोजले, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. त्याच्या अंगावरच्या कपड्यांनीही मोजमापात फरक पडतो हे लक्षात आल्यावर तो दर वेळी तेच कपडे घालू लागला. आपल्या शाळांच्या सभागृहांत आवाज घुमतो तेव्हा सॅबिनच्या या गाद्यांची आठवण ठेवावी. आणि पडदे लावायचेच असतील तर ते भिंतीला चिकटवून न लावता दहा-पंधरा सेंमी पुढे लावावेत. कारण वर आलेच आहे: तिथे हवा हलते. मात्र अशा पडद्यांनी शेजारच्या वर्गातला आवाज अडेल ही आशा करू नये. शोषणे वेगळे आणि अडवणे वेगळे. अडवायला वजन लागते, म्हणजे विटांची भिंत. खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून शेजाऱ्यांचा त्रास वाचवू पाहणारे लोक हीच गल्लत करतात.

आमच्या खोक्याच्या बाबतीत तर आणखी एक साधी गोष्ट होती. कार्पेट खोक्याच्या बाहेरच्या अंगाला होते. स्पीकरचा आवाज शंकूच्या पुढच्या बाजूने थेट बाहेर पडतो. तो कार्पेटमधून गाळून येतच नाही. मग बेस खाल्ला कोणी?

भाच्याचे निरीक्षण पक्के होते: कार्पेटच्या आधी घुमारा होता, कार्पेटनंतर गेला. म्हणजे कार्पेटचा काहीतरी संबंध होताच. चूक होते ते माझे कारण. अशा वेळी मुलांना सांगावे, की 'आधी' आणि 'नंतर' यांमध्ये आणखी काय काय बदलले याची यादी करा. आम्ही केली. कापड आले, गोंद आला, आणि स्पीकर एकदा काढून परत बसवला गेला. परत बसवताना तो आता लाकडावर नव्हे, कार्पेटवर बसला होता! भाच्याने कापड स्पीकरच्या भोकाच्या कडेपर्यंत आणून आत दुमडले होते आणि स्पीकरची लोखंडी कड त्यावर ठेवून स्क्रू पिळले होते. दिसायला सुबक. पण कार्पेट म्हणजे हवेची चाळणी.

किती मोठी? कडेचा परीघ सुमारे ७८ सेंमी. कड दाबून बसल्यावर कापडाची जाडी दीड मिमी राहिली असे धरले, तर फटीचे क्षेत्रफळ जवळजवळ १२ चौरस सेंमी होते. हे म्हणजे खोक्याला ४ सेंमी व्यासाचे भोक पाडून त्यात बोळा कोंबल्यासारखे झाले.

आणि आतली हवा बाहेर पडायला उतावीळ असते. २५ सेंमीच्या स्पीकरच्या शंकूचे परिणामकारक क्षेत्रफळ साधारण ३३० चौरस सेंमी असते. तो ५ मिमी आत गेला तर १६५ घन सेंमी हवा दाबली जाते. खोक्यात हवा २७ लिटर; म्हणजे घनफळ ०.६ टक्के घटले. दाब त्याच्या १.४ पट प्रमाणात वाढतो (हे १.४ कुठून आले ते पुढे पाहू). तो सुमारे ८७० पास्कल, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ ९ सेंमी उंच स्तंभाएवढा होतो. हा दाब सेकंदाला ५० वेळा आत-बाहेर ढकलत असतो. फुसफूस तिथली होती.

बंद खोक्यातली ही दाबलेली हवा स्पीकरच्या दृष्टीने स्प्रिंगचे काम करते. एडगर विल्चर या अमेरिकी संशोधकाने १९५४ साली हीच कल्पना वापरून स्पीकर बाजारात आणला. त्याने शंकू मुद्दाम सैल टांगला आणि त्याला जागेवर आणण्याचे काम बहुतांशी आतल्या हवेवर सोपवले. लहान खोक्यातून खर्ज मिळू लागला तो यामुळे. पण ही स्प्रिंग खोके हवाबंद असेपर्यंतच टिकते.

आता आमच्यापुढे दोन स्पष्टीकरणे होती: कापड आवाज शोषते, किंवा कडेखालून हवा गळते. दोन्हींतून वेगवेगळी भाकिते निघाली तरच त्यांचा निवाडा करता येतो, आणि येथे ती निघत होती. शोषणाचे खरे असेल तर कार्पेट खोक्यावर आहे तोवर घुमारा येणार नाही. गळतीचे खरे असेल तर बाकीचे कार्पेट जागच्या जागी ठेवून फक्त कडेखालचे कापले तरी तो परत आला पाहिजे. गोंद लावून दोन दिवस झाले होते, डबा दूर ठेवला होता, म्हणून व्हरांड्यात आधी उदबत्तीचाही प्रयोग केला. मोबाइलवरून ४० हर्ट्झचा स्थिर स्वर लावून उदबत्तीचा धूर खोक्याच्या सांध्यांजवळून फिरवला. सांध्यांपाशी धूर सरळ वर जात होता. स्पीकरच्या कडेपाशी, दोन स्क्रूंच्या मधे, त्याचे तुकडे होत होते.

मग स्पीकर काढला. कड जेवढ्या वर्तुळावर बसते तेवढे कार्पेट धारदार पात्याने गोल कापून सोलून काढले, लाकूड खरडून स्वच्छ केले, खिडकीच्या फटीला लावतात तशी बारीक फोमची पट्टी गोल चिकटवली आणि स्पीकर तिच्यावर बसवून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने आवळले. डग्गा परत बोलू लागला. बाकीचे कार्पेट होते तिथेच होते. भाचा मला काही बोलला नाही, पण त्या दिवशी संध्याकाळी त्याने आईला ही हकिगत सांगताना 'मामाची थिअरी' असा शब्द वापरलेला मी ऐकला.

यानंतर त्याचा पुढचा प्रश्न आला, आणि तो माझ्या मते साऱ्या प्रकरणातला सर्वांत चांगला प्रश्न होता. लोक खोक्याच्या आतही कापूस भरतात. कापडाने खर्जाला काही होत नसेल तर तो कशाला?

इथे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना जुना न्यूटन भेटतो. न्यूटनने 'प्रिन्सिपिया'त (१६८७) हवेतील ध्वनीच्या वेगाचे गणित मांडले, तेव्हा हवा दाबली-सुटली तरी तिचे तापमान बदलत नाही हे त्यात गृहीत होते. त्याच्या सूत्राने शून्य अंशाला वेग २८० मीटर येतो. प्रत्यक्षात तो ३३१ आहे. लाप्लासने १८१६ मध्ये दुरुस्ती केली: ध्वनीतले दाबणे-सुटणे इतके जलद होते, की दाबल्याने तापलेल्या हवेला उष्णता बाहेर टाकायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा अधिक जोराने ढकलते, म्हणून दाब १.४ पटीने वाढतो आणि वेग १.४ च्या वर्गमुळाने. वर दाबाच्या हिशेबात आलेले १.४ ते हेच. आपण फळ्यावर हे शिकवतो, मुले परीक्षेत लिहितात, आणि दोघेही विसरतात.

आमच्या खोक्यात शंकू आत गेला की हवा सुमारे पाऊण अंशाने तापते, बाहेर आला की तेवढीच गार होते. एका कंपनाच्या काळात ही उष्णता हवेतून किती दूर पोचते? ५० हर्ट्झला मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे लाकडाच्या भिंतीला लागून असलेला केसाएवढा थर सोडला तर बाकीची हवा लाप्लासच्या नियमाने वागते. पण खोक्यात पिंजलेला कापूस किंवा उशीत भरतात तो कृत्रिम कापूस सैलसर भरला, तर हवेच्या कणाकणाजवळ एक तंतू येतो. २७ लिटर हवेचे वजन जेमतेम ३२ ग्रॅम. त्यात तीन-चारशे ग्रॅम कापूस. हवा तापली की तंतू ती उष्णता घेतात, गार झाली की परत देतात, आणि त्यांचे स्वतःचे तापमान जवळपास हलत नाही. आता हवा न्यूटनच्या नियमाने वागू लागते! दाब १.४ पट न वाढता त्याहून कमी वाढतो, स्प्रिंग मऊ होते, आणि स्पीकरला खोके आहे त्यापेक्षा मोठे वाटते. सिद्धांताप्रमाणे ते ४० टक्क्यांपर्यंत मोठे वाटायला हवे. व्यवहारात एवढा लाभ होत नाही; १० ते २० टक्के पदरात पडले तरी पुष्कळ.

त्याने आवाजात किती फरक पडतो? उदाहरणापुरते असे धरू, की सुट्या स्पीकरची नैसर्गिक वारंवारता ३५ हर्ट्झ आहे, आणि त्याच्या टांगणीचा ताठपणा ५४ लिटर हवेच्या स्प्रिंगएवढा आहे. २७ लिटरच्या रिकाम्या खोक्यात ही वारंवारता ३५ गुणिले ३ चे वर्गमूळ, म्हणजे ६१ हर्ट्झच्या जवळ चढते. खोके २० टक्के मोठे भासले तर ती ५७ च्या आसपास येते. चार हर्ट्झ. फार नाही, पण उशीतल्या कापसाच्या मानाने वाईटही नाही. आतून नुसते कार्पेट चिकटवून मात्र हे साधत नाही. चार मिमी जाडीचा थर खोक्याच्या सहाही भिंतींना लावला तरी जेमतेम दोन लिटर हवा त्याच्या तावडीत सापडते. (कापूस भरताना तो शंकूच्या मागे जाऊन अडकणार नाही एवढे पाहावे, जाळीचे कापड आड लावले की झाले.)

मग बाहेरचे कार्पेट कशासाठी? आवाजासाठी नव्हे, खोक्यासाठी. डिकीत जॅक, स्टेपनी, पाण्याचा कॅन, कांद्याची पिशवी हे सर्व त्यावर आदळणार. एमडीएफचे कोपरे ठोकर लागली की झडतात, पाणी लागले की फुगतात. कार्पेट ठोकर झेलते, पान्हा आदळून होणारी खडखड कमी करते आणि डिकीच्या तळावर खोके घसरू देत नाही. शिवाय वेडेवाकडे सांधे आणि स्क्रूची भोके झाकते, हा घरी काम करणाऱ्याला केवढा आधार! पण झाकण्याआधी सांधे आतून गोंदाने किंवा सिलिकोनने हवाबंद करून घ्यावेत. कार्पेट ते काम करत नाही, फक्त दोष डोळ्याआड करते.

यासाठी विणलेले कापड नको. सुयांनी टोचून तंतू एकमेकांत गुंतवलेले, ताणता येणारे कार्पेट मिळते ते घ्यावे. त्याला उभा-आडवा धागा नसल्याने ते कोपऱ्यावर सगळीकडे सारखे ताणते आणि कापलेल्या कडेचे धागे निघत नाहीत. एकच लांब पट्टी चार बाजूंभोवती गुंडाळावी आणि सांधा मागे किंवा तळाला आणावा. सांध्यावर दोन्ही टोके एकमेकांवर चढवून पट्टीच्या आधाराने दोन्ही थर एकदमच कापावेत, आणि वरची व खालची कातरण काढून टाकावी. दोन्ही कडा एकाच घावात कापल्या गेल्याने अचूक जुळतात. मोजून कापलेल्या कडा माझ्या हातून तरी कधी जुळलेल्या नाहीत.

चिकटवायला चर्मकार वापरतात ते पिवळे रबरी सोल्युशन चालते. ते लाकडाला आणि कापडाच्या पाठीला, दोन्हींना लावून दहा-पंधरा मिनिटे उघडे ठेवायचे, बोटाला चिकटेनासे झाले की मग दाबायचे. मुले घाई करून ओले असतानाच दाबतात. त्यातला द्रावक उडून गेल्याशिवाय रबर धरत नाही, आणि कापड-लाकडाच्या मधे कोंडलेल्या द्रावकाला बाहेर पडायला वाट नसते. हा द्रावक बहुधा टोल्युईन किंवा हेक्झेनच्या जातीचा असतो, आणि तो खेळण्याची गोष्ट नाही. टोल्युईनची वाफ हवेच्या तिप्पट जड असल्याने ती जमिनीलगत पसरते, आणि ४ अंश सेल्सिअसच्या वर तिला ठिणगी पुरते. आपल्या व्हरांड्यात मे महिन्यात चाळीस असतात! बंद खोल्यांत वर्षानुवर्षे असे सोल्युशन वापरणाऱ्या चर्मोद्योगातील कामगारांच्या हातापायांच्या नसा हेक्झेनमुळे निकामी झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. तेव्हा हे काम उघड्यावरच करावे, मोटारीत बसून तर नाहीच. जवळ शेगडी, बिडी किंवा देवाचा दिवा नसावा. शाळेत करायचे तर शिक्षक समोर हवेत. आमची उदबत्ती दोन दिवसांनी पेटली ती यासाठीच.

उन्हात उभ्या मोटारीच्या आत ६० अंशांच्या पुढे तापमान जाऊ शकते, आणि साध्या रबरी सोल्युशनची पकड तेवढ्यात सैल पडते. भाच्याच्या खोक्याचा उजवीकडचा मागचा कोपरा जूनच्या पहिल्या आठवड्यात सुटला. तिथे आता चार स्टेपलच्या पिना मारल्या आहेत. आवाजात काही फरक नाही.